हमीभावापासून बंदरापर्यंत : तांदूळनिर्यातीच्या वादाचा आढावा

जगात पिकणाऱ्या तांदळापैकी जेमतेम दहावा हिस्सा देशाबाहेर जातो. बाकीचा जिथे पिकतो तिथेच खपतो. एवढ्या आखूड बाजारात एखाद्या मोठ्या विक्रेत्याने हात आखडता घेतला, तर त्याची झळ सेनेगलपासून फिलिपिन्सपर्यंत पोहोचते. आज तो सर्वांत मोठा विक्रेता भारत आहे. जागतिक तांदूळव्यापारातला त्याचा वाटा अलीकडच्या वर्षांत ४० टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. हाच देश धानाला हमीभाव देतो, रेशनवर तांदूळ फुकट वाटतो आणि महागाई वाढली की निर्यातीवर बंदी, शुल्क किंवा किमान निर्यात मूल्य (ज्याखाली माल बाहेर विकता येत नाही) लावतो.

अशा सरकारी हस्तक्षेपाने तांदळाची निर्यातक्षमता घटते की टिकते, हा अर्थतज्ज्ञ, गिरणीमालक, शेतकरी संघटना आणि प्रतिस्पर्धी देश यांच्यातला जुना वाद आहे. २०२२ ते २०२५ या काळातल्या भारताच्या निर्णयांनी तो पुन्हा पेटला. हा वाद आज कुठे उभा आहे, हे पाहताना शेतकऱ्याला दिलेला भाव, ग्राहकासाठी दाबून ठेवलेला भाव आणि बंदरावर घातलेला अडसर या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एकाच नावाखाली त्यांची चर्चा होते, पण निर्यातीवर तिघींचा परिणाम सारखा होत नाही.

पार्श्वभूमी

सुरुवातीची भावनियंत्रणे शेतकऱ्याच्या बाजूची नव्हती. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रह्मदेश जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार होता. वर्षाला तीस लाख टनांच्या आसपास तांदूळ तिथून बाहेर जाई. १९६२ च्या लष्करी सत्तांतरानंतर सरकारने कमी भावाने धान खरेदी करून निर्यात स्वतःच्या ताब्यात ठेवली. शेतकऱ्याला जास्त पिकवण्यात रस उरला नाही आणि निर्यात काही लाख टनांवर घसरली. थायलंडने सरकारी मक्तेदारीऐवजी करांचा मार्ग धरला. ‘राइस प्रीमियम’ नावाचा निर्यातकर तिथे १९५० च्या दशकापासून १९८६ पर्यंत होता. त्यामुळे सरकारच्या तिजोरीत पैसा आला, शहरांत तांदूळ स्वस्त राहिला आणि त्याची किंमत शेतकऱ्याने मोजली, असा थाई अर्थतज्ज्ञ अम्मार सियामवाला यांच्यासारख्या अभ्यासकांच्या मांडणीचा रोख होता.

भारताची आजची व्यवस्था टंचाईतून जन्मली. अमेरिकेच्या पीएल-४८० या मदत कायद्याखाली येणाऱ्या गव्हावर देश तगून होता, त्या १९६५ साली कृषी मूल्य आयोग आणि भारतीय अन्न महामंडळ ही दोन्ही उभी राहिली. शेतकऱ्याला किमान भाव, सरकारी खरेदी आणि रेशन अशी ही साखळी होती. तिच्या जोडीला लेव्ही होती : गिरणीने भरडलेल्या तांदळाचा ठरावीक हिस्सा सरकारला सरकारी दराने द्यायचा आणि उरलेला खुल्या बाजारात विकायचा. तांदळावरची ही लेव्ही ऑक्टोबर २०१५ मध्ये पूर्णपणे संपली.

बिगर-बासमती तांदळाची निर्यात १९९० च्या दशकाच्या मध्यावर खुली झाली आणि १९९५-९६ मध्ये भारताने जवळपास पन्नास लाख टन तांदूळ विकला. पुढे २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सरकारी गोदामे ओसंडू लागली, तेव्हा तो साठा सवलतीच्या दराने निर्यातदारांना देण्यात आला. सरकारी साठ्याचा तांदूळ जगाच्या बाजारात स्वस्तात ओतल्याचा आक्षेप भारतावर आजही घेतला जातो. त्याचे मूळ बऱ्याच अंशी त्या काळात आहे.

हमीभाव बंदरापर्यंत कसा पोहोचतो

सामान्य धानाचा हमीभाव २०१३-१४ मध्ये क्विंटलला १,३१० रुपये होता. २०२५-२६ मध्ये तो २,३६९ रुपये झाला. बारा वर्षांतली ही वाढ सुमारे ८१ टक्के आहे. सरकारी भरडाईत क्विंटलभर धानातून ६७ किलो तांदूळ अपेक्षित असतो. त्या हिशेबाने टनभर तांदळाला लागणाऱ्या धानाची किंमत २०१३-१४ मध्ये सुमारे १९,५५० रुपये, म्हणजे डॉलर ६० रुपये धरला तर ३२५ डॉलरच्या आसपास होती. २०२५-२६ च्या भावाने ती सुमारे ३५,३६० रुपये होते. डॉलर ८५ रुपये धरला तर ४१५ डॉलरच्या आसपास. रुपयांत ८१ टक्के दिसणारी वाढ डॉलरमध्ये २८ टक्क्यांवर येते, कारण मधल्या काळात रुपया घसरला. निर्यातदाराला हमीभावाइतकेच लक्ष विनिमय दरावरही ठेवावे लागते, ते यामुळेच.

या आकड्यावर भरडाई, बारदाना, रेल्वे किंवा ट्रकचे भाडे आणि बंदराचा खर्च चढतो. कोंडा, कणी आणि तूस विकून थोडा उतरतो. आता हा आकडा जगाच्या भावाशी लावून पाहू. २०२५ मध्ये थायलंड आणि व्हिएतनामचा पाच टक्के कणीचा पांढरा तांदूळ बराच काळ टनाला ४०० डॉलरच्या आसपास किंवा त्याखाली होता. म्हणजे हमीभावाने धान घेतले, तर निर्यात तोट्याची ठरते. तरीही भारत त्या वर्षी जोरात विकत होता.

याचे कारण धानाच्या दोन वाटा. सरकार देशातल्या तांदळापैकी एक तृतीयांशाहून अधिक खरेदी करते, पण ही खरेदी पंजाब, हरियाणा, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा काही राज्यांत एकवटलेली आहे. उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगालच्या मोठ्या भागांत शेतकरी हमीभावापेक्षा कमी दराने व्यापाऱ्याला धान देतो. काकीनाड्याच्या बंदरातून आफ्रिकेकडे जाणारा तांदूळ मुख्यतः अशा खुल्या बाजारातून येतो. अन्न महामंडळाच्या फेररचनेसाठी नेमलेल्या शांता कुमार समितीने जानेवारी २०१५ मध्ये दिलेल्या अहवालात राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे म्हटले होते, की सरकारी यंत्रणेला हमीभावाने विकणारे शेतकरी देशात केवळ सहा टक्के आहेत. हे प्रमाण पुढे वाढले असले, तरी बिहार-बंगालच्या मंडीतला भाव हमीभावाखाली राहतो आणि निर्यात तिथेच उभी राहते.

बासमतीचे गणित वेगळे. तिला हमीभाव नाही, सरकारी खरेदीही नाही. इराण, सौदी अरेबिया, इराक हे तिचे ग्राहक चव आणि लांबी पाहून पैसे मोजतात. त्यामुळे बासमतीवर परिणाम होतो तो सरकारच्या तिसऱ्या हत्याराचा, म्हणजे निर्यातीवरच्या अटींचा.

थायलंडचा प्रयोग, २०११ ते २०१४

जास्त हमीभावाने निर्यात मारली गेल्याचे उदाहरण म्हणून जगभर थायलंडचा दाखला दिला जातो. यिंगलक शिनावात्रा यांच्या सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये धान तारण योजना सुरू केली. साध्या धानाला टनामागे १५,००० बाट आणि जास्मिन धानाला २०,००० बाट, म्हणजे बाजारभावापेक्षा चाळीस-पन्नास टक्के जास्त. नावाला तारण असले, तरी एवढ्या भावाने गहाण ठेवलेले धान सोडवून न्यायला शेतकरी येणार नव्हताच. सरकारचा आडाखा असा होता, की जगातल्या सर्वांत मोठ्या निर्यातदाराने माल अडवून धरला, की जगाचा भाव चढेल आणि मग साठा नफ्यात विकता येईल.

हा आडाखा चुकला. योजनेच्या आदल्याच महिन्यात, सप्टेंबर २०११ मध्ये, भारताने बिगर-बासमती तांदळावरची साडेतीन वर्षांची बंदी उठवली होती. थाई तांदूळ भारत आणि व्हिएतनामच्या तांदळापेक्षा टनामागे शंभर ते दीडशे डॉलरनी महाग झाला आणि ग्राहक दुसऱ्या दुकानांकडे वळले. थायलंडची निर्यात २०११ मधल्या सुमारे एक कोटी सात लाख टनांवरून २०१२ मध्ये सत्तर लाख टनांच्या आसपास आली. भारत पहिल्या क्रमांकावर गेला आणि तिथेच राहिला. गोदामांत एक कोटी टनांहून अधिक तांदूळ साचला, पैसे संपले, २०१४ च्या सुरुवातीला शेतकरी थकलेल्या चुकाऱ्यांसाठी बँकॉकच्या रस्त्यांवर उतरले. मे २०१४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. २०१७ मध्ये यिंगलक यांना या योजनेतल्या हलगर्जीसाठी त्यांच्या गैरहजेरीत पाच वर्षांची शिक्षा झाली.

या प्रयोगाचे दोन अर्थ लावले जातात. एक, हमीभाव जागतिक भावापेक्षा वर नेला की निर्यात जाते. दुसरा अर्थ जरा बारकाईचा : थायलंड आपल्या तांदळाचा मोठा भाग निर्यात करतो, त्यामुळे एवढे धान सरकारने घेतल्यावर ते देशात खपवायला जागाच नव्हती. भारतात सरकारी तांदूळ रेशनच्या दुकानांत जिरतो. तेवढाच चढा भाव दोन देशांत वेगळा परिणाम करतो, तो या फरकामुळे.

बंदरावरचा अडसर : २००७ आणि २०२२

ऑक्टोबर २००७ मध्ये भारताने बिगर-बासमती तांदळाची निर्यात रोखली, मग किमान निर्यात मूल्य लावले आणि एप्रिल २००८ मध्ये पुन्हा बंदी घातली. व्हिएतनामनेही हात आखडला. फिलिपिन्सने घाबरून मोठ्या निविदा काढल्या. थाई तांदळाचा भाव काही महिन्यांत दुपटीहून अधिक वाढून टनाला हजार डॉलरच्या पुढे गेला. त्या वर्षी जगात पीक फसले नव्हते, म्हणूनच हा प्रसंग अभ्यासकांना महत्त्वाचा वाटतो. विल मार्टिन आणि किम अँडरसन यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २००६ ते २००८ मधल्या तांदळाच्या भाववाढीतला सुमारे ४५ टक्के वाटा देशांनी आपापला बाजार बंदिस्त करण्याच्या धोरणांचा होता. दुसरीकडे, भारतातल्या ग्राहकाला त्या भडक्याची झळ फारशी लागली नाही, हेही खरे आहे.

दुसरी फेरी ८ सप्टेंबर २०२२ च्या आदेशांनी सुरू झाली. कणीच्या निर्यातीवर बंदी आली आणि पांढऱ्या तांदळावर २० टक्के शुल्क. एल निनोच्या सावटात २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावर पूर्ण बंदी आली. बातमी येताच अमेरिकेतल्या भारतीय किराणा दुकानांत सोना मसुरीच्या पोत्यांसाठी रांगा लागल्या. तिथल्या मराठी घरांनीही ते दोन-तीन दिवस अनुभवले. ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क आणि बासमतीला टनामागे १,२०० डॉलरचे किमान निर्यात मूल्य लागले. थाई तांदूळ ६५० डॉलरच्या आसपास गेला, पंधरा वर्षांतला उच्चांक.

बासमतीच्या किमान मूल्याचा किस्सा जवळून पाहण्यासारखा आहे. पांढरा तांदूळ बासमती म्हणून दाखवून बाहेर जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण १,२०० डॉलरखाली विकली जाणारी बासमतीही बरीच असते. नवे पीक मंडीत येण्याच्या तोंडावर गिरण्यांनी खरेदी थांबवली, पंजाब-हरियाणातले भाव उतरले आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने मूल्य ९५० डॉलरवर आणले. साध्या तांदळाच्या ग्राहकासाठी उचललेले पाऊल साध्या तांदळाशी संबंध नसलेल्या शेतकऱ्याच्या दारात पोहोचले होते.

एकूण निर्यात २०२२-२३ मधल्या सुमारे २ कोटी २३ लाख टनांवरून २०२३-२४ मध्ये सुमारे १ कोटी ६४ लाख टनांवर आली. घट सगळी बिगर-बासमतीत होती. बासमती उलट वाढली. मधली जागा व्हिएतनाम, थायलंड आणि पाकिस्तान यांनी घेतली. पाकिस्तानची निर्यात साठ लाख टनांच्या घरात गेली. सप्टेंबर २०२४ पासून भारताने निर्बंध टप्प्याटप्प्याने काढले, मार्च २०२५ मध्ये कणीही मोकळी केली. २०२४-२५ ची निर्यात पुन्हा दोन कोटी टनांवर पोहोचली.

चार भूमिका

*बाजारवादी अर्थतज्ज्ञांची भूमिका* अशी, की अचानक बंदीमुळे ग्राहक देशांचा भरवसा उडतो आणि एकदा गेलेला ग्राहक परत आणायला सूट द्यावी लागते. अशोक गुलाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेसोबत २०१८ मध्ये केलेल्या अभ्यासात २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार उणे १४ टक्के निघाला. म्हणजे अनुदाने जमेला धरूनही निर्बंधांनी शेतकऱ्याकडून काढून घेतलेले जास्त. बंदीऐवजी माफक शुल्क आणि गरिबांना थेट मदत, असा त्यांचा पर्याय आहे.

*अन्नसुरक्षेची भूमिका* सरकारी वर्तुळात आणि अनेक विकास अर्थतज्ज्ञांत दिसते. ८० कोटींहून अधिक लोकांना धान्य देण्याची जबाबदारी ज्या देशावर आहे, त्याने पावसाचा भरवसा नसताना आधी घर सांभाळायचे, हा तिचा गाभा. तांदळाचा जागतिक बाजार आखूड आणि लहरी असल्याने मोठ्या देशाने त्यावर विसंबणे धोक्याचे आहे, असे ती सांगते. बंदीच्या काळातही मित्रदेशांना सरकारी कोट्याने तांदूळ दिला गेला, याकडे ती बोट दाखवते.

*शेतकरी चळवळ* या प्रश्नावर एका सुरात बोलत नाही. महाराष्ट्रात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘उणे सबसिडी’चा मुद्दा लावून धरला : सरकारने बाजारात हात घालू नये, निर्यात खुली ठेवावी, शेतकरी आपला भाव मिळवील. उलट पंजाब-हरियाणातल्या संघटनांची मागणी हमीभावाला कायद्याचे कवच मिळावे ही आहे. निर्यातबंदीला दोघांचाही विरोध, पण सरकारी खरेदीवर दोघे समोरासमोर उभे राहतात.

*प्रतिस्पर्धी देशांची तक्रार* उलट दिशेची आहे. भारताचा तांदूळ अनुदानामुळे अवाजवी स्वस्त आहे, असे थायलंड आणि अमेरिका म्हणतात. २०१८-१९ साठी भारताने स्वतःच जागतिक व्यापार संघटनेला कळवले, की तांदळाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या दहा टक्के मर्यादेच्या वर गेला आहे, आणि २०१३ च्या बाली परिषदेतल्या ‘शांतता कलमा’चा, म्हणजे सरकारी साठ्यासाठीच्या खरेदीने मर्यादा ओलांडली तरी तंटा न उभारण्याच्या सवलतीचा, आधार घेतला. भारताचे उत्तर असे, की आधार मोजताना १९८६-८८ चे संदर्भमूल्य धरणे हास्यास्पद आहे आणि सरकारी साठा निर्यात होत नाही. फेब्रुवारी २०२४ च्या अबू धाबी परिषदेत थाई प्रतिनिधीच्या वक्तव्यावरून या दोन देशांत खटका उडाला आणि तोडगा निघाला नाही.

जिथे मतभेद कमी आहेत

या चौघांच्या मांडणीत काही गोष्टी समान सापडतात. हमीभाव एकटा निर्यात मारत नाही. सरकार किती घेते आणि घेतलेले कुठे खपवते, त्यावर निकाल ठरतो. बंदीने जगातला भाव वाढतो, याबद्दल २००८ आणि २०२३ नंतर फारसा वाद उरलेला नाही. भारताच्या बंदरावरचा स्वस्त भाव हा पूर्ण खर्च नाही, हेही सहसा मान्य होते. युरियाची ४५ किलोची गोणी वर्षानुवर्षे २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि पंजाबात शेतीपंपाची वीज फुकट आहे. एक किलो तांदळामागे हजारो लिटर पाणी जाते, आणि पंजाबला भूजलासाठी २००९ मध्ये लावणीच्या तारखा ठरवणारा कायदा करावा लागला. हा खर्च तिजोरीवर आणि जमिनीखालच्या पाण्यावर पडतो. पावतीवर तो दिसत नाही.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न बंदीच्या फायद्याचा. बंदीनंतरही २०२३ च्या अखेरीस देशात तांदळाची किरकोळ महागाई दोन अंकी होती. टीकाकार म्हणतात, बंदी निरुपयोगी ठरली. समर्थक म्हणतात, ती नसती तर भाव आणखी चढले असते. दोन्ही बाजूंना आपापली आकडेमोड करता येते, पण बंदी नसलेले २०२३ कोणाच्याच हातात नाही.

दुसरा प्रश्न गेलेल्या भरवशाची किंमत मोजण्याचा. बंदी उठताच ग्राहक परतले, असे २०२४-२५ चे आकडे सांगतात. मात्र ते परतले तेव्हा भाव कोसळत होते. इंडोनेशियाने खरेदी आवरली होती आणि पुढे सप्टेंबर २०२५ पासून फिलिपिन्सनेही काही महिने आयात थांबवली. पश्चिम आफ्रिकेचा ग्राहक मुख्यतः भाव पाहतो. सुवासिक वाणांवर भर देणाऱ्या व्हिएतनामने पटकावलेला ग्राहक त्याच सहजतेने परततो का, हे काही वर्षांनीच कळेल.

तिसरा प्रश्न सरकारी आणि खुल्या तांदळाच्या सीमेचा. फुकट धान्यामुळे बाजारातली मागणी घटून निर्यातदाराला धान स्वस्त मिळते का? रेशनचा तांदूळ पॉलिश होऊन बंदरात पोहोचतो का? २०२४ च्या अखेरीस काकीनाड्यात असे आरोप गाजले. ही गळती किती मोठी, यावर ‘सरकारी साठा निर्यात होत नाही’ या भारताच्या युक्तिवादाचे वजन ठरेल.

चौथा प्रश्न साठ्याचा. बंदी उठली तेव्हा सरकारी गोदामांत गरजेच्या कितीतरी पट तांदूळ होता. १ जुलैला १३५ लाख टन पुरेसे मानले जातात. २०२५ मध्ये न भरडलेले धान धरून साठा त्याच्या चौपटीहून जास्त होता. सरकारला किलोमागे सुमारे ४० रुपये पडणारा तांदूळ इथेनॉलसाठी साडेबावीस रुपयांना द्यावा लागला. जिथे टंचाईच्या भीतीने बंदी येते आणि अतिसाठ्याने उठते, तिथे खरेदीचे धोरण आणि निर्यातीचे धोरण एकाच टेबलावर ठरते का, ही शंका राहते.

पुढची कसोटी

या वादातला एक छोटा धागा महाराष्ट्रात सापडतो. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात राज्य सरकार पूर्वी हमीभावावर क्विंटलमागे बोनस देत असे. विधिमंडळाच्या २०२२ च्या नागपूर अधिवेशनात तो हेक्टरी १५,००० रुपये झाला आणि पुढच्या वर्षी हेक्टरी २०,०००, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. क्विंटलमागचा बोनस जास्त धान केंद्रावर आणायला उद्युक्त करतो, शेजारच्या राज्यातले धान ओढतो आणि खुल्या बाजाराचा भाव चढवतो. हेक्टरी बोनस शेतकऱ्याच्या हाती पैसा देतो, पण धानाच्या भावाला हात लावत नाही. शेजारी छत्तीसगड मात्र क्विंटलला ३,१०० रुपयांनी एकरी २१ क्विंटलपर्यंत खरेदी करते.

सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे, एकाच प्रकारच्या जमिनीवर, दोन पद्धती शेजारी-शेजारी चालू आहेत. शेतकऱ्याचे उत्पन्न, केंद्रावर येणारे धान, गिरण्यांची खुली खरेदी आणि तिजोरीवरचा भार या चार गोष्टींची दोन्हीकडची पाच-सात वर्षांची नोंद नीट ठेवली, तर शेतकऱ्याला आधार देऊनही निर्यातीचा भाव मोकळा ठेवता येतो का, या प्रश्नाला तर्काऐवजी आकड्यांनी उत्तर देता येईल. निर्यातबंदीचा पुढचा आदेश निघण्याआधी ते हाती असेल, तर धोरण ठरवणाऱ्यांना बंदी आणि मोकळीक यांखेरीज तिसरा मार्गही तोलून पाहता येईल.